किशोरवयीन मुलांना नैतिक निर्णय घ्यायला कसे शिकवावे : धर्मशिक्षकांसाठी मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी, रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील उपासनेनंतर, भरलेल्या नववीच्या धर्मशिक्षण वर्गात एका मुलाने मला विचारले, "टीचर, चाचणीत मित्राने उत्तर दाखव म्हटलं तर दाखवायचं की नाही?" मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिले. ही फसवणूक आहे, दहा आज्ञांतील सातवी (चोरी करू नको) आणि आठवी (खोटी साक्ष देऊ नको) या दोन्ही तिला लागू होतात, म्हणून दाखवायचे नाही. त्याने मान डोलावली आणि तो खाली बसला. पुढच्याच महिन्यात त्याने मित्राला अख्खा पेपर दाखवला होता. मी रागावले नाही, फक्त विचारले. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं ते मला पटलं होतं. पण तो मागच्या बाकावर होता, पायाने ढोसत होता, आणि त्याला काय बोलायचं ते मला सुचलंच नाही."

त्या उत्तराने माझी शिकवण्याची रीत बदलली. मुलाला नियम ठाऊक होता. नियमापासून कृतीपर्यंत चालत जायची वाट त्याच्या पायाखाली आलेली नव्हती, आणि ती मी त्याला कधी दाखवलीही नव्हती. वसई धर्मप्रांतातील धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, दृढीकरण संस्काराच्या (बाप्तिस्म्यात मिळालेली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) तयारीसाठी येणारी आठवी ते दहावीची मुले डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत मांडली आहे. घरी पालकांनाही तिचा उपयोग करता येईल.

आधी स्वतःची जागा ठरवावी

आपल्याकडे दोन चुका सर्रास होतात. पहिली माझी होती : प्रश्न आला की निकाल देऊन मोकळे होणे. दुसरी तिच्या उलट, आणि ती अलीकडे वाढते आहे : "तुझ्या मनाला पटेल ते कर" असे म्हणून मुलाला एकटे सोडणे. ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण या दोहोंच्या पलीकडची आहे. जगभरातील बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा सर्वांत आतला गाभारा म्हटले, जिथे तो परमेश्वराबरोबर एकटा असतो आणि त्याची वाणी ऐकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिले की आपल्याला सदसद्विवेकबुद्धी घडवण्यासाठी बोलावले आहे, तिची जागा घेण्यासाठी नव्हे. त्या गाभाऱ्यात शिक्षकाने शिरायचे नाही. तिथे जाणारी वाट झाडून स्वच्छ ठेवणे आणि तिथे जे ऐकू येईल ते ओळखता यावे म्हणून मुलाचा कान तयार करणे, एवढे आपले काम आहे आणि ते पुरेसे अवघड आहे.

वर्ग सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. इथे कोणी मन मोकळे केले तर ते बाहेर जाणार नाही. मात्र कोणाच्या जिवाला, शरीराला किंवा सुरक्षिततेला धोका आहे असे कळले, तर शिक्षक ते गुपित ठेवू शकणार नाही. पापनिवेदनातील गुप्ततेचे बंधन धर्मगुरूंना असते, धर्मशिक्षकाला नाही, हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी कळला पाहिजे. नंतर सांगितला तर तो विश्वासघात वाटतो.

पहिली पायरी : सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय, हे नीट समजावणे

मुलांना विचारा, आणि तीन प्रकारची उत्तरे येतील. कोणी म्हणेल, "आतून वाईट वाटतं ते." कोणी म्हणेल, "मम्मीचा आवाज." कोणी म्हणेल, "माझं मत." तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि तिन्ही अपुरी का आहेत, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. वाईट वाटणे ही भावना आहे. निर्दोष माणसालाही अपराधी वाटते आणि निर्ढावलेल्याला काहीच वाटत नाही. मम्मीचा आवाज दहावीनंतर वसतिगृहात सोबत येत नाही. आणि मत तर क्रिकेटबद्दलही असते. ख्रिस्तसभेच्या मते सदसद्विवेकबुद्धी हा बुद्धीने केलेला निवाडा आहे : मी करणार आहे, करतो आहे किंवा केली आहे ती ही विशिष्ट कृती चांगली की वाईट, हे ओळखणारा.

इथे मला आमच्या बाजारातला तराजू उपयोगी पडतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरची पालेभाजी किंवा फुले कधी ना कधी बाजारात गेलेली असतात. विकणाऱ्याजवळ एकच तराजू असतो आणि त्याला त्याच तराजूने तोलावे लागते. पण म्हणून तराजू आपोआप बरोबर ठरत नाही. वजने तपासून घ्यावी लागतात, त्यांच्यावर सरकारी शिक्का लागतो, आणि पारड्याखाली चिकटलेला चिखल वेळच्या वेळी काढावा लागतो. मध्ययुगातील धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेली शिकवण नेमकी हेच सांगते : सदसद्विवेकबुद्धीचा निश्चित निवाडा माणसाने पाळलाच पाहिजे, तरीही तो निवाडा चुकीचा असू शकतो, आणि सत्य शोधायची तसदीच घेतली नाही म्हणून तो चुकला असेल तर दोष आपल्याकडे येतो. वजने तपासण्याची साधने कोणती, हे मग मुलांना विचारावे. देवशब्द, दहा आज्ञा, पर्वतावरील प्रवचन, ख्रिस्तसभेची शिकवण, प्रार्थना, जाणत्या माणसाचा सल्ला ही यादी थोड्या मदतीने ती स्वतःच पुरी करतात.

दुसरी पायरी : कृती, हेतू, परिस्थिती

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे तिच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, कोणत्याही कृतीची नैतिकता तीन गोष्टींवरून ठरते असे सांगितले आहे : प्रत्यक्ष निवडलेली कृती, ती करण्यामागचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती. फळ्यावर तीन रकाने आखावेत आणि एकच प्रसंग घेऊन त्यातला एकेक रकाना बदलत न्यावा. किमान एक पूर्ण तास या एका गोष्टीला द्यावा, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

मी घेते तो प्रसंग साधा आहे. वर्गमित्राला डेंग्यू झाला, तो तीन आठवडे घरी होता, आणि आता विज्ञानाचे जर्नल पुरे करून द्यायला दोनच दिवस उरले आहेत. तू त्याला मदत करतोस. मुले लगेच म्हणतात, "चांगलंच आहे की!" मग पहिल्या रकान्यात नेमकी कृती लिहायला सांगावे. "मदत" हा शब्द तिथे चालणार नाही, कारण मदत हा हेतू झाला. हाताने काय केले? प्रयोग समजावून सांगितला आणि त्याने स्वतः लिहिले, ही एक कृती. त्याच्या जर्नलमध्ये आपल्या हाताने निरीक्षणे भरली आणि ती त्याची म्हणून बाईंसमोर ठेवली, ही अगदी वेगळी कृती, जरी हेतू दोन्हीकडे तोच असला. तिसरी वाटही असते, जी मुलांना बहुधा शेवटी सुचते : दोघांनी मिळून बाईंकडे जावे आणि मुदत मागावी.

चांगल्या हेतूने वाईट कृती चांगली होत नाही, हे संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावतो. वाईट हेतू मात्र चांगल्या कृतीलाही नासवतो. लोकांनी पाहावे म्हणून दिलेल्या दानाबद्दल प्रभू येशूचे शब्द मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहेत. परिस्थितीमुळे दोष वाढतो किंवा कमी होतो, भीतीने आणि दडपणाने जबाबदारी हलकी होते, पण मुळात वाईट असलेली कृती तिने बरोबर ठरत नाही. मारक पाप, म्हणजे देवाशी असलेले नाते तोडणारे गंभीर पाप, घडण्यासाठी बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे याचे पूर्ण ज्ञान असणे आणि स्वखुशीने संमती देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात, हेही इथेच सांगून ठेवावे. पुष्कळ मुले अर्धवट ऐकलेल्या गोष्टींमुळे उगाच घाबरलेली असतात.

तिसरी पायरी : एक अवघड प्रसंग सावकाश उलगडणे

उदाहरण मुलांच्या जगातले हवे, पण वर्गातल्या कोणाकडे बोट जाणारे नको. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला थेट जाब विचारला नाही. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, दावीदाने संतापून निवाडा दिला, आणि मग त्याला कळले की निवाडा स्वतःवरच झाला आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील बारावा अध्याय धर्मशिक्षकाने वर्षातून एकदा तरी पद्धत म्हणून वाचावा.

माझा प्रसंग असा : शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एका मुलीच्या खासगी गप्पांचा स्क्रीनशॉट टाकला. तिने त्यात घरातल्या भांडणाबद्दल एका मैत्रिणीला लिहिले आहे. ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींची रांग लागली आहे. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत, आणि फोन तुझ्या हातात आहे.

पहिल्यांदा फक्त थांबायला शिकवावे. फोन पालथा ठेवायचा. मग घटना सांगायची, मत न मिसळता : काय पाहिले, काय ऐकीव आहे, काय आपण धरून चाललो आहोत. मुले इथे अडखळतात. "तिनेच मुद्दाम पसरवलं असेल," असे कोणी म्हणतो, आणि हा अंदाज आहे हे त्याला दुसरा मुलगा दाखवून देतो. त्यानंतर यात कोण कोण गुंतले आहे, ते मोजायचे. ती मुलगी, तिचे आईवडील, जिच्यावर तिने विश्वास टाकला ती मैत्रीण, टाकणारा, हसणारे, गप्प बसलेले आणि मी. गप्प बसलेल्यांची नोंद मुले स्वतःहून क्वचितच करतात. ती आपण करून द्यावी.

मग येतो सर्वांत मोलाचा क्षण. कोणीतरी म्हणतेच, "पण टीचर, त्यात खोटं काहीच नाही. तिनेच लिहिलंय." इथे घाई करू नये. आठव्या आज्ञेखाली ख्रिस्तसभा तीन वेगळी पापे सांगते : पुरेशा आधाराशिवाय कोणाला मनात दोषी ठरवणे, खोटे बोलून कोणाची अब्रू घेणे, आणि रास्त कारण नसताना कोणाचे खरे उणे ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्यासमोर उघडे करणे. तिसरे ऐकल्यावर वर्ग शांत होतो. खरे असणे म्हणजे वाटेल त्याला सांगण्याचा परवाना नव्हे, हे मुलांना बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी सांगत असते, आणि ज्या वयात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे त्या वयात याहून गरजेची नैतिक शिकवण मला दिसत नाही.

त्यानंतर वाटा शोधाव्यात, कमीत कमी चार. पुढे पाठवणे, पुसून टाकणे, टाकणाऱ्याला खासगीत काढायला सांगणे, ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलणे, त्या मुलीला कळवणे, ग्रुप सोडणे, वर्गशिक्षकांना सांगणे. प्रत्येक वाट तीन रकान्यांतून न्यावी. "पुसून टाकीन" हे उत्तर सर्वांत लोकप्रिय असते आणि त्यात चूक काही नाही, पण त्याने त्या मुलीचे काय झाले, एवढा प्रश्न विचारून थांबावे.

हाच प्रसंग अश्लील छायाचित्राचा असेल तर मात्र चर्चेला जागा नाही, हे खणखणीत सांगावे. १८ वर्षांखालील व्यक्तीचे तसे चित्र पुढे पाठवणे पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. ते चित्र कोणालाही न दाखवता लगेच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचे. बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हे शिक्षकांनी आणि धर्मग्रामातील सर्व कार्यकर्त्यांनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावे. मुलांना १०९८ हा बालमदत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावावा.

चौथी पायरी : प्रार्थनेत निर्णय धरून पाहणे

विचार झाला की वर्गात तीन मिनिटे शांतता ठेवावी. सुरुवातीला मुले चुळबुळ करतील, करू द्यावी. पवित्र आत्म्याला एका वाक्यात हाक मारायची, आणि निवडलेली वाट त्याच्यासमोर ठेवायची. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाती यांनी 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात दिलेल्या दोन कसोट्या या वयालाही झेपतात. एक : ज्याला मी कधी पाहिलेले नाही, पण ज्याचे भले व्हावे असे मला वाटते, असा कोणी याच पेचात असता तर मी त्याला काय सांगितले असते? दुसरी : मरणाच्या घडीला मागे वळून पाहताना मी कोणता निर्णय घेतलेला मला आवडेल? दुसरी कसोटी मुलांना जड जाईल असे मला वाटत असे, पण आजोबा-आजीचे मरण जवळून पाहिलेली मुले तिचा विचार गांभीर्याने करतात.

संत इग्नाती यांचा आणखी एक नियम मी नेहमी सांगते : मन उद्विग्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. मुलांच्या भाषेत, रागात आणि रात्री उशिरा कोणालाही मेसेज पाठवायचा नाही, सकाळी पाठवायचा. आणि निवाड्याबद्दल खरोखर शंका असेल, तर शंका घेऊन पुढे जायचे नाही, आधी विचारायचे. कोणाला विचारता येईल अशा तीन प्रौढ व्यक्तींची नावे प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावीत, त्यातली एक तरी घराबाहेरची असावी.

पाचवी पायरी : तोंडाने बोलून सराव

मित्र पायाने ढोसत होता तो माझा विद्यार्थी या पायरीवर अडला होता. संत थॉमस विवेकाची, म्हणजे योग्य कृती निवडून ती करण्याच्या शहाणपणाची, तीन कामे सांगतात : सल्लामसलत, निवाडा आणि आज्ञा, म्हणजे ठरले ते प्रत्यक्ष करायला स्वतःला लावणे, आणि यातले तिसरे ते मुख्य मानतात. आपले बहुतेक वर्ग दुसऱ्यावर संपतात.

म्हणून दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात आणि वाक्ये मोठ्याने म्हणवून घ्यावीत. एकाने मागे बसून ढोसायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. वाक्य लहान असावे, उपदेश करणारे नसावे, आणि मैत्री तुटणार नाही असे असावे. "आत्ता नाही दाखवणार, पण संध्याकाळी घरी ये, दोघं मिळून करू." "तो स्क्रीनशॉट काढ रे, तिच्या जागी तुझी ताई असती तर?" मुले सुरुवातीला हसतात, मग एकमेकांची वाक्ये सुधारू लागतात. "असं बोललास तर तो भडकेल, असं बोल," हा सल्ला मी कधीच देऊ शकले नसते. तो त्यांना माहीत असतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर भूमिका बदलाव्यात, कारण ढोसणाऱ्याच्या जागी बसल्यावर त्याच्यावरचे दडपणही कळते.

इथेच मी संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण काढते. वसईत जन्मलेले, १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झालेले आणि १८६२ साली संत घोषित झालेले हे आपले संत मुलांना फक्त क्रुसावर ठाऊक असतात. मी आधीचा निर्णय चर्चेला घेते : व्यापारात जम बसलेला असताना तो सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संघातील व्रतस्थ, झाले. मोठ्या क्षणी उभे राहता यावे, यासाठी त्याआधी किती साधे निर्णय घ्यावे लागले असतील, हा प्रश्न मुलांना आवडतो.

सहावी पायरी : दिवसाचा आढावा आणि भरपाई

रोज रात्री पाच मिनिटे, झोपण्यापूर्वी. कशाबद्दल आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस सकाळपासून उलगडायचा, चुकले तिथे क्षमा मागायची, उद्याचे एक पाऊल ठरवायचे. ही सवय लागायला वेळ लागतो, आणि शिक्षकाने स्वतः ती पाळली तरच मुले पाळतात.

चुकीच्या निर्णयानंतर काय, हा भाग आपण फार घाईने उरकतो. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापनिवेदनात, देवाची क्षमा मिळते, पण केलेले नुकसान शक्य तितके भरून द्यायचे कर्तव्य उरतेच. जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे वचन दिले, ते लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात सविस्तर वाचावे आणि विचारावे : पैसे परत देता येतात, अब्रू कशी परत द्यायची? ज्या ग्रुपवर हसलास त्याच ग्रुपवर "मी चुकलो" असे लिहिणे, हे उत्तर मागच्या वर्षी एका मुलीने दिले.

काही मुले याच्या दुसऱ्या टोकाला असतात. बारीकसारीक गोष्टीत पाप शोधत राहतात, एकच कबुली पुन्हा पुन्हा देतात, झोप उडवून घेतात. अशा मुलाला आणखी कसोट्या देऊ नयेत. पापनिवेदनासाठी एकच धर्मगुरू नेमून घ्यावेत आणि त्यांचे म्हणणे मानायला शिकवावे. त्रास वाढत असेल तर पालकांशी बोलून समुपदेशकाची मदत घ्यावी.

ख्रिस्तसभेची एखादी शिकवण पटत नाही असे मुलाने सांगितले, विशेषतः देहाच्या आणि नात्यांच्या बाबतीत, तर त्याला गप्प करू नये आणि शिकवण पातळही करू नये. तिच्यामागची कारणे मांडावीत. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारपर्यंत वेळ मागावा आणि त्या रविवारी उत्तर घेऊन यावे.

पालकांसाठी मी वर्षातून एक सभा घेते आणि तिच्यात एकच विनंती करते. मूल चुकीची कबुली घेऊन घरी आले, तर पहिला प्रश्न "का केलंस?" असा नसावा. "मग पुढे काय करायचं ठरवलंस?" असा असावा.

पुढच्या रविवारी वर्गाची सुरुवात मागच्या आठवड्यात ठरवलेल्या पावलापासून करावी. जमले का, कुठे अडले, काय बोललास. माझ्या त्या विद्यार्थ्याने सरावाच्या तासानंतर दोन आठवड्यांनी सांगितले, की मित्राने पुन्हा ढोसले तेव्हा तो मागे वळला आणि म्हणाला, "संध्याकाळी ये." मित्र आला का, असे मी विचारले. तो म्हणाला, "आला. भूमिती घेऊन आला."